आशाताईंना उन्हात सांभाळू या

मैत्रिणींनो, चैत्र-वैशाखात आपल्या सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. तरी आशाताई घरोघरी फिरतातच. लेकराच्या डोसाची आठवण करून देणारी ही बाई आपल्यातलीच. मग एवढं करा:

१. तातडीचं नसेल तर दुपारी १२ ते ३ बोलावू नका. भेट सकाळीच ठरवा.

२. आल्या की सावलीत बसवा, पाणी द्या. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलं की जलसंजीवनी तयार.

३. अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं तर उष्माघात समजा. १०८ ला फोन लावा. सावलीत निजवून अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुढच्या बैठकीत आशाताईंना विचारूनच भेटीच्या वेळा ठरवा.