कपाटातली निळी फाईल

माझी लेक सहा वर्षांची असताना तिने कपाटातली निळी फाईल काढून वाचली. आम्ही दोघं ऑफिसात होतो, आजी दुपारची पडली होती. संध्याकाळी मी दारात चप्पल काढतेय तोच प्रश्न आला, "आई, माझी जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलीय. मग माझा खरा वाढदिवस कधी असतो?"

ती दत्तक आहे हे तिला ठाऊक होतं. सात महिन्यांची असताना आम्ही तिला पुण्याच्या संस्थेतून साताऱ्याला आणलं आणि ती गोष्ट ती रांगत असल्यापासून ऐकत आली होती. समुपदेशकांनी आम्हांला एक बेत आखून दिला होता. पाचव्या-सहाव्या वर्षी एवढं सांगायचं, दहाव्या वर्षी त्याच्या पुढचं, आणि ती बेवारस सापडली हे जाणती झाल्यावर. बेत चांगला होता. पण आमची मुलगी चौथ्या वर्षापासून वाचत होती. आधी एसटीच्या पाट्या, मग औषधांच्या खोक्यातले कागद, मग जे हाती लागेल ते. फाईल कुलपात ठेवायला हवी, हे तिचं वाचन दोन वर्षं बघत असूनही मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी तिने वही घेऊन हिशोब केला. सापडली तेव्हा वजन किती होतं, नाळ सुकली होती की गळली होती, डॉक्टरांनी 'अंदाजे दहा दिवस' कशावरून ठरवलं असेल. प्रश्न दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे होते. रात्री दिवा मालवल्यावर रडू मात्र सहा वर्षांचंच आलं, माझ्या बांगड्या घट्ट धरून, झोप लागेपर्यंत. ज्याच्या घरी असं मूल आहे त्याने पहिल्यांदा हे लक्षात घ्यावं. समज वयाच्या पुढे धावते, पण काळजाचं वय तेवढंच राहतं. प्रश्नाचं नीट, खरं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते दिल्यावर मूल मांडीवर घ्यावं लागतं.

पुढे जाण्याआधी एक सांगते. ती आता पंधरा वर्षांची आहे. हा लेख तिने वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली आणि ते दोन्ही परिच्छेद मी काढून टाकले. तिचं नावही इथे नाही. ही हकीगत आधी तिची आहे.

माझी पहिली मोठी चूक शाळेच्या दारात झाली. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिकांना मी आपणहून सांगितलं, की मुलगी दत्तक आहे. लपवण्यासारखं काय आहे, या भावनेने सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, अर्जात तसा रकानाही नव्हता. शाळेला जन्मदाखला लागतो आणि दत्तकाच्या आदेशानंतर मिळणाऱ्या दाखल्यावर आईवडील म्हणून आपलीच नावं असतात. आमच्या वेळी तो आदेश न्यायालयाने दिला. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आदेशाची प्रत शाळेला देण्याचं कारण नाही. ज्या शिक्षकांशी विश्वासाचं नातं जुळेल त्यांना पुढे गरजेपुरतं सांगता येतं. लाज वाटते म्हणून गप्प बसणं वेगळं, आणि मुलाची गोष्ट त्याच्यासाठी राखून ठेवणं वेगळं. हा फरक मला फार उशिरा कळला.

कारण त्या दिवसानंतर तिचं जे काही असेल ते दत्तकपणाच्या खात्यावर जमा होऊ लागलं. पहिलीत गणितं पाच मिनिटांत उरकून ती वर्गात फिरायची, शेजारच्या मुलाची वही दुरुस्त करायची, बाईंनी फळ्यावर चूक केली तर उभी राहून सांगायची. दुसरीत सकाळी पोट दुखू लागलं, शाळेच्या फाटकाशी रडणं सुरू झालं. बाईंनी आम्हांला बोलावून मायेनेच सांगितलं, "अशा मुलांना आतून असुरक्षित वाटतंच. प्रेम द्या, वेळ द्या." मी मान डोलावली. दोन वर्षं आम्ही त्याच एका दिशेने उपाय करत राहिलो. समुपदेशन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. जन्मतःच सुटलेल्या माणसांचं दुःख खरं असतं आणि ते तिच्यात होतं. पण वर्गात तिला जे होत होतं ते बहुतेक कंटाळ्यामुळे होत होतं आणि तो कंटाळा आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही.

नेदरलंड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली ६२ अभ्यास एकत्र करून १७,७६७ दत्तक मुलांची माहिती तपासली होती. आजूबाजूच्या इतर मुलांपेक्षा दत्तक मुलांची बुद्धी कमी आढळली नाही. शाळेतली कामगिरी मात्र थोडी मागे होती आणि विशेष शिक्षणाकडे पाठवल्या जाणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. हे मी फार नंतर वाचलं. यातल्या अनेक मुलांच्या अडचणी खऱ्याच असणार. तरीही तेव्हापासून प्रत्येक दत्तक पालकाला मी सांगते, की शाळा 'अडचण' म्हणाली की तिथे थांबू नका. मूल काय करत नाही हे जसं विचारता, तसं ते काय करू शकतं हेही तपासून घ्या.

माझे डोळे उघडले ते तिसरीच्या वहीने. एका पानावर वीस गणितं होती. पहिली दहा बरोबर, पुढची दहाच्या दहा चूक, आणि चुकाही अशा की मुद्दाम केल्याशिवाय होणार नाहीत. मी कारण विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "सगळी बरोबर आली की बाई आणखी वीस देतात. चुकली की मला बसू देतात." आठ वर्षांचं पोर शाळेत हुशारी लपवायला शिकलं होतं, आणि हे शिकायला त्याला कुणी मदत केली असेल तर आम्हीच.

मग आम्ही पुण्याला एका मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ती कुठून आली ते नंतर बोलू. आधी ती दिवसभर काय करते ते सांगा." एवढ्या एका वाक्याने मला रडू फुटलं होतं. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी अजूनही सर्रास वापरतात. फ्रान्समधल्या बिने यांच्या चाचणीचं वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेलं ते रूपांतर आहे. तिचे निकष अनेक दशकांपूर्वीचे आहेत, म्हणून एका आकड्यावर हवाला ठेवू नये. भाषा, तर्क, स्मरण, हातांचा वेग यांतलं कुठे पुढे आहे आणि कुठे मागे, हे वेगवेगळं लिहून मागावं. मूल आजारी किंवा झोपाळलेलं असेल तर चाचणी पुढे ढकलावी. आमच्या लेकीच्या बाबतीत तर्क वयाच्या खूप पुढे निघाला, लिहिण्याचा वेग जेमतेम वयाएवढा. डोकं पुढे आणि हात मागे. तिच्या चिडचिडीचा मोठा भाग तिथे होता. 'कुटुंबात कुणाला अमुक आजार, तमुक अडचण?' या रकान्यात आम्ही 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं. तिथे 'नाही' लिहू नका. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांची गल्लत झाली तर डॉक्टर चुकीच्या वाटेने जाऊ शकतात.

अहवाल हातात आला की शाळेत जाऊन हक्क मागावा असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण असामान्य बुद्धीच्या मुलासाठी शाळेला बांधील करणारी तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना प्रोत्साहन देण्याविषयी लिहिलं आहे, पण ते धोरण आहे. बुद्धी तल्लख आणि सोबत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल, तर मात्र २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार मिळतो. त्याचं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं. बाकी सगळं माणसांशी बोलूनच मिळवावं लागतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते आहे, १९६९ पासून त्यांची प्रशालाही आहे. आम्हांला सातारा सोडणं शक्य नव्हतं. बहुतेकांना आपलं गाव सोडणं शक्य नसतंच, आणि आहे त्या शाळेतूनच वाट काढावी लागते.

ती आम्ही अशी काढली. 'आमची मुलगी असामान्य आहे' हे वाक्य शाळेत उच्चारायचं नाही असं ठरवलं. ते ऐकताच समोरच्या बाईंना पंचेचाळीस मुलांचा वर्ग दिसतो आणि मन मिटतं. मी तिसरीची ती वही घेऊन गेले, ते पान उघडून ठेवलं आणि एकच मागणं मागितलं: काम जास्तीचं नको, वेगळं द्या. दहा गणितं बरोबर आली तर उरलेल्या दहांऐवजी एक अवघड कोडं, नाहीतर ग्रंथालयात अर्धा तास. भेटीत जे ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून, आभार मानून कळवलं. महिन्याने पुन्हा गेले, तेव्हा आधी काय चांगलं झालं ते सांगितलं. वर्गशिक्षिकेला हे सगळं पटलं असं नाही. पण ग्रंथपालांना पटलं आणि त्यांनी तिच्यासाठी कपाटं उघडी ठेवली. प्रत्येक शाळेत असं एक माणूस असतं. कधी ग्रंथपाल, कधी चित्रकलेचे सर, कधी प्रयोगशाळेतले मदतनीस. ते शोधणं हे पालकाचं काम. सकाळची पोटदुखी दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबली.

आता दुसरी चूक. ती लिहिणं जड जातंय.

आठ वर्षं मी नातेवाइकांत 'खाण तशी माती' ऐकत आले होते. तिने हट्ट केला की 'रक्ताचा गुण', आणि पाढे धडाधड म्हटले की 'कुणाचं तरी मोठ्या घरचं रक्त असणार'. म्हणजे वाईट असो की चांगलं, आमच्या घरात तिने काही मिळवलंय असं कुणी म्हणतच नव्हतं. तिचा अहवाल आला आणि एका वास्तुशांतीच्या पंगतीत मी तो आकडा सगळ्यांसमोर सांगून टाकला. सगळ्यांची तोंडं बंद झाली. मला फार बरं वाटलं. ती माझ्या शेजारीच जेवायला बसली होती.

पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव आलं नाही. ती रडली नाही. पण पुढचे तीन दिवस ती घरात पाहुण्यासारखी वागत होती. न सांगता ताटं घासत होती. डब्यातलं बिस्किट घेण्याआधी "घेऊ का?" असं विचारत होती. तिसऱ्या दिवशी ते 'घेऊ का' ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्या पंगतीत मी तिला काय शिकवलं होतं ते तेव्हा कळलं: या घरातली तिची जागा तिच्या हुशारीवर उभी आहे. तिच्या बाबाने त्या संध्याकाळी लांबलचक काही समजावलं नाही. ओला टॉवेल गादीवर टाकल्याबद्दल तो तिच्यावर नेहमीसारखा, मोठ्याने रागावला. तिने वर बघितलं, चिडून उलट उत्तर दिलं आणि दार आपटून गेली. आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला.

त्यानंतर आकडे, क्रमांक, निकाल घराबाहेर जाणं बंद झालं. ज्यात ती कच्ची आहे असं काहीतरी तिच्या आठवड्यात असावं, याची मी काळजी घेते. रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढतो. ती नेहमी सगळ्यांच्या मागे असते, धापा टाकते, आणि वर पोचल्यावर कुणी शाबासकी देत नाही. भेळ खातो आणि उतरतो. तुमच्या मुलासाठी तो गड असेल, पेटी असेल, पोहणं असेल. त्याला काही सिद्ध करायचं नाही अशी एक जागा असली म्हणजे झालं.

आणखी एक. तल्लख मुलाला रचलेलं सांत्वन देऊ नका. नववीतल्या आतेभावाचं विज्ञानाचं पुस्तक वाचून तिने विचारलं होतं, "माझ्या कानाची पाळी कुणासारखी?" मी म्हटलं, "तुझ्या जन्मदात्या आईसारखी असेल. फार हुशार असणार ती, तुझ्या भल्यासाठीच तिने..." तिने मला मध्येच थांबवलं. "हे फाईलमध्ये कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरी 'माहीत नाही' हे पूर्ण उत्तर समजलं जातं. लोक मला प्रेमाने यशोदा म्हणतात. मी हात जोडून नको म्हणते, कारण त्या गोष्टीत मूल गोकुळातून निघून जातं आणि माझी लेक ती गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली आहे.

आपल्या मुळांविषयीची माहिती अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिला स्वतःच्या अर्जावर मागता येईल. त्याआधी मागायची तर आम्ही सोबत लागू. जन्मदात्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड करत नाहीत, हेही तिला माहीत आहे. निळी फाईल आता तिच्याच खणात असते. मी फक्त एक झेरॉक्स ठेवून घेतली आहे.

यंदा जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीवर लावलं, तेव्हा तिने पेन्सिल घेतली आणि आपल्या वाढदिवसाच्या तारखेभोवती अकरा चौकोनांवरून एक लांब रेघ ओढली. पाच दिवस अलीकडे, पाच दिवस पलीकडे. खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'यांपैकी एक नक्की.' केक कोणत्या दिवशी आणायचा असं मी विचारलं, तर म्हणाली, "रेघेवर कुठेही चालेल. पण बाबाला म्हणावं, रविवार धरू नकोस, गडावर जायचंय."