डिकीतला सीडी चेंजर : महाड-पोलादपूरहून नव्याने येणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत पंधरा-वीस वर्षे संसार केलेल्या महाड-पोलादपूरकडच्या काही घरांना विचारून हे टिपण केले आहे. घर, शाळा, बँक, विमा यांबद्दल इथे आल्यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. गाडीत घरचा आवाज कसा ठेवायचा हे मात्र आपल्याच माणसांनी सांगायला हवे.

पहिली गाडी बहुतेक सगळे जुनीच घेतात. तिच्यात फोन जोडायची सोय नसेल, तर डिकीत सहा सीडींचा जुना चेंजर स्वस्तात बसवता येतो. ८० मिनिटांच्या सहा सीडी म्हणजे आठ तास. नायगाराला जाताना पुन्हा काही लावावे लागत नाही. शिवाय मुले तेच ते ऐकून भाषा शिकतात. मधेच फोन वाजत नाही, जाहिरात येत नाही. 'तीन नंबर लावा ना,' असे मूल मागच्या सीटवरून सांगू लागले की समजा, मराठी रुळली.

घेताना

चेंजर आणि डॅशबोर्डमधला स्टिरिओ यांची जोडी जमायला हवी. पायोनियरचा आयपी-बस, सोनीचा युनिलिंक, अल्पाइनचा एआय-नेट, प्रत्येकाची केबल वेगळी. दुसऱ्या कंपनीचा चेंजर केवळ स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. तुमच्या स्टिरिओला चेंजरची जोडणीच नसेल, तर एफएम मॉड्युलेटरवर चालणारा घ्या. तो रेडिओच्याच वाटेने ऐकू येतो. अँटेनाची पिन स्टिरिओतून काढून मॉड्युलेटरमध्ये घालायची आणि मॉड्युलेटरची पिन स्टिरिओत. मग रेडिओ ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर लावायचा. ती फ्रिक्वेन्सी आपल्या भागात मोकळी आहे ना, हे आधी तपासा. न्यूयॉर्कच्या आसपास स्टेशनांची दाटी असते.

जुना चेंजर घेताना सीडी ठेवायचे मॅगझिन, केबल आणि रिमोट सोबत आहेत का ते बघा. दुसऱ्या मॉडेलचे मॅगझिन सहसा बसत नाही. दुकानातच सहाही सीडी घालून एकेक वाजवून पाहा.

बसवताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. त्याआधी स्टिरिओचा कोड आहे का ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या, कारण काही स्टिरिओ वीज तुटली की कुलूपबंद होतात. पिवळ्या वेष्टनातल्या किंवा पिवळ्या प्लगच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

चेंजरच्या स्वतःच्या साधारण तीन वायरी असतात. पिवळी कायम वीज असलेल्या ठिकाणी, फ्यूज घालून. लाल, किल्ली फिरवल्यावरच वीज येते त्या ठिकाणी. काळी अर्थिंगला, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट. रंगावरच स्क्रू मारला तर इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. मी पहिल्यांदा लाल वायर पिवळीच्या जागी जोडली होती. चेंजर रात्रभर जागा राहिला आणि जानेवारीतल्या सकाळी गाडी सुरूच होईना. मुलांची शाळा त्या दिवशी बुडाली.

केबल दाराच्या उंबऱ्याकडच्या पट्टीखालून, गालिच्याखालून न्या. सीटच्या रुळांत ती सापडता कामा नये. डिकीत भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून बघाच, पेट्रोलची टाकी बऱ्याच गाड्यांत तिथेच असते. शंका असेल तर गॅरेजवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

चेंजर वाहतुकीत हलू नये म्हणून आत स्क्रू लावलेले असतात, ते काढायला विसरू नका. बऱ्याच चेंजरच्या दोन्ही बाजूंना आडवा, उभा की तिरका बसवला आहे हे सांगणारी खूण असते. दोन्हीकडे ती सारखीच लावा. नाहीतर आतल्या स्प्रिंगांवर भार नीट येत नाही आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला गाणे अडखळते.

सीडी करताना

संगणकावर सीडी करताना 'ऑडिओ सीडी' निवडा. फायली नुसत्या कॉपी केल्या तर जुना चेंजर त्या वाचत नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडीही पुष्कळदा चालत नाही, साधी सीडी-आर घ्या. वर कागदी लेबल चिकटवू नका. उन्हाने ते सुटते आणि सीडी आत अडकते. सीडीसाठीच्या मार्करने नाव लिहा. पुसायची झाल्यास मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको.

थंडीतून एकदम गरम गॅरेजमध्ये गाडी आणली की लेन्सवर दव धरते आणि चेंजर एकही सीडी ओळखत नाही. तो बिघडलेला नसतो. तासभर थांबा. उन्हाळ्यात मॅगझिन घरात आणून ठेवा.

गावी गेल्यावर

मुंबईहून महाडला जाताना बाजारातली गाणी कोणीही घेईल. तुम्ही फोनमध्ये घरचे आवाज भरून आणा : वीरेश्वराच्या छबिन्यातले ढोल, पोलादपूरकडच्या हरिनाम सप्ताहातले भजन, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. पाऊस कौलांवर पडत असेल तर तोही येऊ द्या, साफ करत बसू नका. आमच्या चेंजरमध्ये एक नंबरवर आईच्या ओव्या होत्या. मधेच ती थांबते, बाहेर कुणाला तरी 'अरे, गुरं आत घे रे' म्हणते आणि तिथूनच पुढची ओवी धरते. आमची मुलगी ओवी म्हणताना ते वाक्यही तसेच म्हणायची. तिला तो ओवीचाच भाग वाटे.

सगळ्या सीडींची एकेक प्रत करा. एक गाडीत, दुसरी घरात. हे आम्हाला २०२१ मध्ये कळले. २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले. आमच्या घरात ते खिडकीपर्यंत चढले. वडिलांच्या कॅसेटी, आईच्या ओव्यांची मूळ टेप, लग्नातले फोटो, सगळ्याचा चिखल झाला. आई तोवर गेली होती.

त्या आठवड्यात इकडे न्यू जर्सीत मी डिकी उघडली, मॅगझिन बाहेर काढले आणि एक नंबरचा कप्पा ओढला. सीडी कोरडी होती. तिच्या चार प्रती केल्या. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बहिणीच्या घरी एक लावली. ओवी थांबली, गुरं आत घ्यायला सांगितली गेली, आणि सत्तरीतला माझा काका खुर्चीतून अर्धा उठला. हाक त्यालाच होती.