बेडकाला घास कोण भरवणार?

‘तू सांभाळणार असशील तरच आणू.’ फिशटँकमध्ये माशांबरोबर छोटे बेडूकही हवेत म्हणून मूल हटून बसलं की आपण सगळेच हे म्हणतो. मूल लगेच हो म्हणतं. ते खोटं नसतं. रोज म्हणजे किती रोज, हे त्या वयाला कळतच नाही. पुढे बेडूक गेला तर तो दिलेला शब्द मात्र त्याच्या मनाला लागून राहतो. म्हणून वाटतं, ही अट नकोच. बेडूक आपण पाळायचे, मुलाने मदत करायची.

हे आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, काँगोच्या खोऱ्याकडचे. जेमतेम दीड-दोन इंचांचे, जन्मभर पाण्यात राहणारे. तरी श्वास फुप्फुसाने घेतात, म्हणून सारखे वर येतात. ‘आई, तो बुडतोय का?’ असं विचारलं तर एवढं सांगितलं तरी मुलाचा जीव भांड्यात पडतो. टाकी फार खोल नको, फिल्टरचा झोत मंद हवा. झाकण हवंच, बाहेर उडी मारली तर हे कोरडे पडून मरतात.

दुकानात आपण घाईत असतो, पण पुढचे पाय नीट बघा. त्यांच्या बोटांमध्येही पडदा असेल तर ड्वार्फ. बोटं सुटी असतील तर तो नखवाला बेडूक. तो चांगला चार-पाच इंच वाढतो आणि छोटे मासे गिळतो. लाडका गप्पी असा गेलेला मुलाला बघायला लागू नये.

सोबतीला गप्पी, निऑन टेट्रा असे लहान, शांत मासे बरे. गोल्डफिश नको, त्याला गार पाणी मानवतं, बेडकांना २४ ते २६ अंश लागतं.

खरी अडचण जेवणाची. सकाळच्या गडबडीत आपण चिमूटभर खाणं टाकतो आणि डबे भरायला पळतो. मासे क्षणात फस्त करतात. बेडकाला नीट दिसत नाही, तो वासावर चाचपडत येतो, तोवर काही उरत नाही. सावकाश जेवणाऱ्या मुलाच्या ताटातलं भावंडांनी उचलावं, तसं. मुलांना हे आपल्या आधी दिसतं. ‘त्याला कुणी खाऊच देत नाही’ ही तक्रार उडवून लावू नका.

संध्याकाळी थोडा वेळ काढा. एका कोपऱ्यात माशांना खाणं टाका. दुसरीकडे गोठवलेले ब्लडवर्म वितळवून, लांब चिमट्याने किंवा ड्रॉपरने बेडकाच्या तोंडापाशी धरा. चिमटा मुलाच्या हातात, आपण शेजारी. तो पहिला घास घेतो तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जंतूंची धास्ती खोटी नाही. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात या बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ आली. आजारी पडलेल्यांत बहुतेक लहान मुलं होती. त्यामुळे टाकीला हात लागला की साबण, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी थांबायलाच सांगेन.

एवढं करूनही बेडूक खंगत चालले, तर त्यांची टाकी वेगळी करावी. एकट्याला हलवू नका, त्यांना एकमेकांची सोबत लागते. ‘माझ्या माशांपासून त्यांना का तोडलं?’ म्हणून मूल रडेल. रडू द्या, कारणही खरं सांगा. मग नव्या टाकीत झाड कुठे लावायचं, लपायला मडकं कुठे ठेवायचं, ते त्यालाच ठरवू द्या.