उजळणी होते, तरी विसरतात!

प्रश्न : सातवीला विज्ञान शिकवते. धडा दोनदा वाचून घेते, मुलं माना डोलावतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र पाटी कोरी. काय करू?

उत्तर : बाई, वाचन कमी करा, आठवायला जास्त लावा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं : वाचणारे ४२, लिहिणारे ५६. म्हणूनच माना डोलावण्यावर विश्वास ठेवू नका. तास सुरू होताच पुस्तकं मिटवून मागच्या आठवड्यातले दोन-तीन प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. गुण देऊ नका, नाहीतर शेजारच्या वहीत डोकावणं सुरू! बरोबर उत्तरं लगेच फळ्यावर लिहा. चूक तशीच राहिली तर तीच डोक्यात बसते.