फादरांनी मोर्चा का काढला?

प्रश्न : 2020 मध्ये आमच्या शेजारी उस्मानाबादला साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष कॅथलिक धर्मगुरू होते आणि ते मोर्चेही काढत, असे ऐकले. चर्चला हे चालते का?
– एक वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून संमेलनाआधी त्यांना धमक्यांचे फोन आले. तरी ते आले आणि दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात झालेल्या हल्ल्याचा त्यांनी व्यासपीठावरून निषेध केला.

मोर्चाचे कारण बीडकरांना लगेच कळेल. तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर गावात पाणी आणतो; वसईत टँकर विहिरी उपसून पाणी बाहेर नेत. उपसा वाढला तशा गोड्या विहिरी खारट होऊ लागल्या आणि केळीच्या, फुलांच्या वाड्यांवर संकट आले. त्यातच वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांचा डोळा. या साऱ्यामागच्या लोकांची दहशत अशी, की लोक उघड बोलायला धजत नसत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस दिब्रिटोंनी सहकाऱ्यांसह ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी केली. विहीर खारट होताना मालकाचा धर्म पाहत नाही, म्हणून या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसे होती. सभा, मोर्चा, सत्याग्रह ही त्यांची साधने. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते 1983 ते 2007 संपादक होते, तीही लेखणी सोबतीला.

आता चर्चचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) गरिबांचे दुःख हे चर्चचेही दुःख मानले. दिब्रिटोंना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली 1972 मध्ये, म्हणजे ते त्याच वाऱ्यात घडलेले. 1983 च्या चर्च-कायद्याने धर्मगुरूला सत्तेचे पद घ्यायला मनाई केली, पक्षकार्यापासूनही दूर ठेवले. मात्र न्यायावर उभी राहणारी शांतता जोपासणे हे त्याचे कर्तव्य ठरवले. त्यामुळे लोकांसोबत रस्त्यावर उतरणे दिब्रिटोंच्या व्रतात बसणारेच होते. मला तर वाटते, स्वतःसाठी खुर्ची मागायची नव्हती म्हणूनच लोकांनी त्यांच्यावर एवढा विश्वास टाकला.

‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा 2013 चा अनुवाद पुरस्कार मिळाला. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्यांचे ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र मिळवून जरूर वाचा.