तीन तारांचा मेळ : निरनिराळ्या कंपन्यांच्या सर्व्होंची जोडणी

आपल्या विज्ञान मंडळाच्या कपाटात आज जे सर्व्हो आहेत, ते सारे एका कंपनीचे नाहीत. काही माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेले आहेत, काही मोडक्या विमानप्रतिकृतींतून काढलेले आहेत, तर काही बाजारातून सुटे आणलेले आहेत. फुटाबा, जेआर, हायटेक, सान्वा अशी नावे त्यांवर दिसतात. एकाच कंपनीचा संपूर्ण संच घेणे निवासी शाळेस परवडणारे नाही. म्हणून हाती आलेले साहित्य एकमेकांशी जुळवून घेणे ही आपली गरज आहे. मात्र हे काम अंदाजाने केले, तर सर्व्हो जळतो. आणि उडत्या प्रतिकृतीत ही चूक राहिली, तर खाली उभ्या असलेल्या मुलांनाच धोका संभवतो. म्हणून या विषयाची शिस्तशीर मांडणी येथे करीत आहोत.

प्रमाणाचा प्रश्न

आम्ही इतिहासाचे अभ्यासक असल्याने आम्हांस येथे मनमाड आठवते. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेज मार्ग 1676 मिलिमीटर रुंदीचा, तर हैदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग 1000 मिलिमीटरचा होता. दोन्ही रेल्वेच, तरीही एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे आणि त्याचा भार हमालांच्या पाठीवर पडे. प्रत्येकाने आपापले माप ठरविले की त्याची किंमत वापरणाऱ्यास मोजावी लागते. सर्व्होच्या प्लगची कथा याहून वेगळी नाही.

तीन तारा, तीन कामे

सर्व्हो म्हणजे लहान मोटर, दातेरी चक्रे, भुजेची स्थिती ओळखणारा घटक आणि नियंत्रक मंडल यांची एक पेटी. सांगितलेल्या कोनापर्यंत भुजा फिरविणे आणि तेथे धरून ठेवणे हे तिचे काम. तिला तीन तारा असतात : ऋण, धन आणि संकेत. संकेताच्या तारेतून साधारणतः दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. स्पंद सुमारे 1.5 मिलिसेकंदाचा असल्यास भुजा मध्यावर राहते. तो 1 कडे आखडला किंवा 2 कडे लांबला की भुजा एका किंवा दुसऱ्या बाजूस वळते. ही पद्धत बहुतेक कंपन्यांत समान असल्यामुळेच जुळवणी शक्य होते.

तारांचे रंग मात्र भिन्न आहेत. फुटाबाचा क्रम काळा, लाल, पांढरा. हायटेकचा काळा, लाल, पिवळा. जेआरचा तपकिरी, लाल, नारिंगी. शाळांतील प्रयोगांत नित्य दिसणारा नऊ ग्रॅमचा एसजी-90 हाही तपकिरी, लाल, नारिंगी याच क्रमाचा आहे. यावरून सूत्र निघते : गडद तार ऋण, मधली लाल धन, फिकट तार संकेताची. पिनांमधील अंतरही सर्वत्र 2.54 मिलिमीटर असते. धन तार मध्यभागी असल्याचा एक लाभ असा, की प्लग उलटा बसला तरी धन जागेवरच राहते. सर्व्हो चालत नाही; परंतु बहुधा जळतही नाही.

प्रत्यक्ष कृती

फुटाबाच्या प्लगला एका कडेस प्लास्टिकची बारीक पट्टी असते. प्लग उलटा बसू नये, हा तिचा हेतू. जेआर वा हायटेकच्या रिसीव्हरमध्ये तिला जागा नसते. अशा वेळी ती पट्टी धारदार पात्याने हलक्या हाताने तासावी आणि कड काचकागदाने सपाट करावी. पाते आतील धातूपर्यंत जाऊ देऊ नये. हे काम विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. पट्टी गेली की उलट जोडणीपासूनचे संरक्षणही गेले, हे ध्यानात ठेवून ऋण बाजूस रंगाची खूण करावी.

खरा धोका जुन्या सान्वा सर्व्होंचा आहे. अमेरिकेत हे एअरट्रॉनिक्स या नावाने विकले जात. त्यांपैकी जुन्या सर्व्होंत धन व ऋण यांच्या जागा आजच्या क्रमाच्या तुलनेत उलट असत. असा प्लग सरळ बसविला, तर वीज उलट दिशेने जाऊन मंडल नष्ट होऊ शकते. येथे क्रमच बदलावा लागतो. प्लगच्या अंगावर प्रत्येक पिनेसाठी एक बारीक प्लास्टिकची जीभ असते. ती सुईने किंचित उचलून तार हळूच मागे ओढली की धातूचा संपर्क बाहेर येतो. तो योग्य खाचेत, जीभ पुन्हा अडकेपर्यंत सरकवावा आणि तार किंचित ओढून पकड तपासावी.

केवळ रंगांवर विसंबू नये. पूर्वीच्या मालकाने तारा बदललेल्या असू शकतात. मल्टिमीटरने रिसीव्हरच्या मधल्या व ऋण पिनांमधील दाब मोजावा. सर्व्होची पेटी उघडता आली, तर कोणती तार मंडलात कोठे जाते हे पाहावे. त्यानंतर प्रतिकृती जमिनीवर ठेवून सर्व भुजा चालवून पाहाव्यात. उड्डाण त्यानंतरच.

बसले म्हणजे जुळले नव्हे

प्लग बसणे ही जुळणीची केवळ पहिली पायरी. जुने सर्व्हो 4.8 ते 6 व्होल्टसाठी असतात. उच्च दाबाच्या सर्व्होंसाठी केलेल्या 7.4 व्होल्टच्या व्यवस्थेत ते जळू शकतात. डिजिटल सर्व्होंसाठी स्पंदांची गती वाढविलेली असल्यास साधे सर्व्हो तापतात. फुटाबाच्या एस-बसचे तोंड नेहमीच्या प्लगसारखेच असते. परंतु त्यातून एकाच तारेवर अनेक वाहिन्यांचे आदेश जातात, आणि साधा सर्व्हो ते ओळखत नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांस म्हणून एक विनंती आहे. शाळेस सर्व्हो वा रिसीव्हर देताना त्यास चिठ्ठी जोडावी : कंपनी, क्रमांक, किती व्होल्ट, तारा बदलल्या आहेत काय. चार ओळींची ती चिठ्ठी पुढच्या पिढीच्या मुलांना निर्धास्तपणे काम करू देईल. तसेच आमच्या विद्यार्थ्यांनीही, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतः मोजून पाहिले म्हणून, जोडणीवर विश्वास ठेवावा.