राज्याचा हिशेब आणि गृहस्थाचे कर्तव्य

‘राज्य बिघडले, अधिकारी बिघडले, पुढारी बिघडले’ हे उद्गार घरोघर ऐकू येतात. त्यांत पुष्कळ तथ्यही असते. तथापि बोलणारा त्या यादीत स्वतःला कधी गणीत नाही. लोकशाहीत मत देणारा प्रत्येक गृहस्थ राज्याचा धनी होय. आणि धन्याने वही उघडून पाहिलीच नाही, तर केवळ कारभाऱ्याला दोष देऊन काय लाभ?

प्रथम कारभाऱ्याचे कर्तव्य पाहू. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार असते. सन १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी पदाचा त्याग केला. गाडी त्यांनी हाकली नव्हती, पूलही त्यांनी बांधला नव्हता. दोष आणि उत्तरदायित्व यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दोष हा कृत्याचा असतो. उत्तरदायित्व पदाबरोबर येते. अर्थात् केवळ राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाही. चौकशी व सुधारणा ही उत्तरदायित्वाचीच पुढील अंगे आहेत.

श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसे इतर लोक वागतात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. हे वचन आपण मंत्र्यांना लावतो. परंतु घरातील मुलांच्या दृष्टीने श्रेष्ठ कोण? आईबापच! पित्याने दाखल्यासाठी टेबलाखालून पैसे दिलेले ज्या मुलाने पाहिले, त्याला नागरिकत्वाचा धडा मिळून चुकला. सन २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही कायद्याने अपराधी ठरतो. सक्तीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यास मात्र संरक्षण आहे.

आता पक्षभेदाचा विचार करू. पक्ष असणे हे पाप नव्हे. विरोधी पक्ष नसेल तर सत्तेला प्रश्न कोण विचारणार? अनर्थ होतो तो निराळ्याच ठिकाणी. दुसऱ्या पक्षाचा हिशेब आपण पैपैने तपासतो आणि आपल्या पक्षाच्या वहीवर पांघरूण घालतो. असे सगळ्यांनीच केले म्हणजे कोणाचाच हिशेब होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र ती अधोगतीकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते. भाविक वाचकांनी या भेदाचे विशेष मनन करावे. ईश्वराला शरण जावे. पुढाऱ्याला हिशेब विचारावा.

हिशेब विचारणे हे काही विद्वानांचेच काम नव्हे. सन १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराणा या गावी जनसुनावणी भरली. सरकारी कामांचे हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले, आणि कामावर न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. अशा खटाटोपांतूनच पुढे २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. त्यानुसार साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क अवघे दहा रुपये आहे.

म्हणून सद्गृहस्थाने तीन नियम पाळावेत. ग्रामसभा चुकवू नये. शहरात राहणाऱ्याने आपल्या नगरसेवकाची गाठ घेऊन प्रभागातील कामांचा खर्च विचारावा. स्वपक्ष व परपक्ष यांना एकच माप लावावे. आणि जे दुसऱ्याकडून अपेक्षितो, ते प्रथम आपल्या घरात आचरावे. उत्तर मिळेलच असा भरवसा नाही. अर्ज फेटाळला जाईल, शेजारी रागावतील. तरीही विचारणे आपल्या हाती आहे, आणि जे आपल्या हाती आहे तेच आपले कर्तव्य होय.